संपर्क होऊ शकला नाही

साहेब, तुमच्या जाण्याची बातमी आमच्या पेपरात अकरा ओळींची आली. पान पाचवर, खाली डावीकडे, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या शेजारी. त्या अकरा ओळींतल्या पाच ओळी एकाच दुपारबद्दल आहेत. मथळ्यात तुमच्या नावाआधी 'तीन तास प्रकरणातील' असं लावलंय. डेस्कवर नुकत्याच लागलेल्या मुलीनं तुमचं नाव टाकून शोधलं, आणि जे सापडलं ते तिनं घेतलं. तिच्यावर चिडायला गेलो आणि तसाच परत आलो. ते तिथे मीच ठेवलं होतं ना.

आज तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. लोक येऊन वहिनींना भेटून जातात, चांगला माणूस होता म्हणतात, आणि जिन्यात उतरताना एकमेकांना हळूच विचारतात, "हे तेच ना, त्या बाईला बसवून ठेवलेले?" मी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा चपला घालण्यात गुंतल्यासारखं केलं.

खरं तर आपली मैत्री व्हायला नको होती. मी तालुक्याच्या बातम्या देणारा भुईगावचा राऊत, आणि तुम्ही आमच्या पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक. तुम्ही हजर झालात त्याच आठवड्यात मी बातमी दिली होती की तुमच्या कोठडीत पंखा नाही आणि प्यायच्या पाण्याचा माठ फुटका आहे. दुसऱ्या दिवशी ठाण्यात आलो तो जरा अंग चोरूनच. बघतो तर दारातल्या काचेच्या फलकावर माझ्या बातमीचं कात्रण, खाली लाल शाईत 'पाहिले', आणि तुमची सही. मला वाटलं, हा माणूस आता आपल्याला धडा शिकवणार. तुम्ही म्हणालात, "सरकारी कागद आला की आम्ही पाहिले लिहून सही करतो. तुमचाही कागद आलाच की."

तिसऱ्या दिवशी नवा माठ आला. पंख्याला दोन महिने लागले, आणि तेवढ्यासाठी मी तुम्हाला भरपूर छळलं.

मग ती रीतच पडली. बातमी गोड असो की कडू, कात्रण फलकावर, खाली 'पाहिले'. तुमचा एक हवालदार फेरीवाल्यांकडून रोज हात ओले करून घेतो असं मी छापलं, तेही लागलं. तो हवालदार स्वतः त्या फलकासमोरून रोज ये-जा करायचा, त्याची बदली होईपर्यंत. तुमच्याविरुद्ध लिहिलेल्या त्या बातम्या खऱ्या होत्या साहेब, आणि त्यातली एकही मी आज मागे घेणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. लोक तुमच्यावर विश्वास ठेवायला लागले ते त्या फलकामुळे. जो स्वतःची बदनामी दारात टांगतो तो आपलं ऐकून तरी घेईल, असा लोकांचा साधा हिशेब.

म्हणून तर शनिवारचं बाकडं चाललं. ठाण्याच्या आवारातल्या बदामाखाली तुम्ही सकाळी दहाला येऊन बसायचात, टोपी शेजारी ठेवून. ज्याला ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते त्यानं इथे येऊन बसावं. गोखिवऱ्याला कारखान्यांच्या गाळ्यांत काम करणाऱ्या बायका यायच्या, सोसायट्यांचे सेक्रेटरी पार्किंगची भांडणं घेऊन यायचे. पापडी गावची एक म्हातारी आंटी तर केवळ शेजाऱ्याच्या कोंबड्याची तक्रार द्यायला दर शनिवारी चर्चला जाऊन आल्यावर हजर. "साहेब, तो आज पन ओरडला." तुम्ही वहीत लिहून घ्यायचात. मी हसलो तर म्हणालात, "हसू नका. उद्या हिच्या घरात कोण शिरलं तर ही मला फोन करेल. कोंबड्यामुळे करेल."

हे सगळं मोडायला मला अर्धा तास लागला.

मंगळवार होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका ओळखीच्या कार्यकर्त्यानं मोबाईलवर फोटो पाठवला. ठाण्यातल्या बाकावर पाठमोरी बसलेली एक बाई, आणि वर भिंतीवर घड्याळ. दुसरा फोटो, तीच बाई, तोच बाक, घड्याळात तीन तास पुढे. 'नवऱ्याने मारहाण केली, तक्रार घ्यायला तयार नाहीत, बसवून ठेवलंय.' असा मजकूर. डेस्कवरून फोन आला की पान सुटायला अर्धा तास आहे, दुसऱ्यांनी लावायच्या आत द्या. मी दिलं. बाईशी बोललो नाही, कारण ती कुठे गेली हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि तुम्हाला फोन केला नाही.

का केला नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तरही गुळगुळीत झालंय. वेळ नव्हता, हे खोटं. तुमचा नंबर मला पाठ होता, फोन माझ्या हातात होता. खरं एवढंच की तुम्ही काहीतरी सांगाल आणि बातमी मऊ पडेल, ही धास्ती होती. मग मी शेवटी ती ओळ टाकली. आम्ही बातमीदार आपसात तिला शेपूट म्हणतो. बातमी संपताना बोटं ती आपसूक टाइप करतात: 'यासंदर्भात वरिष्ठ पोलीस निरीक्षकांशी संपर्क साधला असता तो होऊ शकला नाही.' ही ओळ मी शेकडो वेळा लिहिली असेल. निम्म्या वेळा तरी फोन केलेला नसतो. नगरपालिकेचा अधिकारी असो की वीज मंडळाचा, कुणी कधी विचारायला आलं नाही, त्यामुळे ते खोटं आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

सकाळी मथळा होता, 'मारहाण झालेल्या महिलेला तीन तास बसवले!' दुपारपर्यंत एक यूट्यूबवाला माईक घेऊन तुमच्या फाटकासमोर उभा होता. तो ओरडत होता, "साहेब फोन का उचलत नाहीत? साहेब कुणाला घाबरतात?" ते माझ्या शेपटावरून. नीट पाहिलं तर लोकांना त्या बाईच्या तीन तासांपेक्षा तुमचं फोन न उचलणं जास्त झोंबलं होतं. चूक कुणाचीही होते, पण लपतो तो चोर, असं आमच्या नाक्यावर माझ्यासमोर बोललं गेलं, आणि मी चहा पीत राहिलो. चौथ्या दिवशी तुमची बदली नियंत्रण कक्षात झाली. 'राऊतने उडवला' असं म्हणून कुणीतरी माझ्या पाठीवर थापही मारली.

दहाव्या दिवशी तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही लुंगीवर बसून टोमॅटोच्या कुंडीला काठी बांधत होता. मला वाटलं होतं, दार आपटाल, शिव्या द्याल. "चहा घेणार?" विचारलंत. मग जे सांगितलंत ते इतक्या सपाट आवाजात की मला ते पूर्ण समजायला घर गाठावं लागलं.

त्या बाईची मुलगी पहिलीत होती. नवऱ्याच्या घरच्यांना तक्रारीचा वास लागला तर ते मुलीला शाळेतूनच उचलून नेतील, अशी तिला भीती. नवऱ्याचे दोस्त ठाण्यासमोरच्या टपरीवर पडीक. म्हणून तुम्ही तिला म्हणालात, शाळा सुटेपर्यंत इथे बसा, तोवर कागद हलवायचा नाही. साध्या कपड्यातली एक महिला शिपाई शाळेवर गेली, मुलीला घेऊन आली, आणि मग गुन्हा नोंदवला. मायलेकी रात्र पडायच्या आत तिच्या माहेरी पोचल्या. आम्हाला रोज मिळणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत तुम्ही तो येऊ दिला नाहीत, कारण आम्ही चाळीचं नाव छापतो आणि तेवढ्यावरून सगळं कळतं. तीन तास म्हणजे शाळा सुटायचे तीन तास होते, साहेब.

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच तुमच्यावर. कमाल बघा माझी.

"तिचा नवरा अजून सापडला नाही ना. मी बोललो की तिचं माहेर कुठलं ते उद्या त्या माईकवाल्याला कळेल." मग काठीची गाठ घट्ट करत म्हणालात, "तुम्हाला सांगितलं असतं की राऊत. न छापण्याच्या बोलीवर. तुम्ही विचारलं असतं तर."

इथूनच आपला तो वाद सुरू झाला, जो संपला नाही. मी म्हणायचो, पोलिसानं बोललं पाहिजे, गप्प बसला की लोक वाईटच समजणार, त्यांनी आयुष्यात पोलिसांचं वाईट पुष्कळ बघितलंय. तुम्ही म्हणायचात, बरोबर आहे, त्यांनी संशय घ्यावाच. "पण संशय घ्यायला पण काहीतरी खरं लागतं की हो. ते तरी तुम्ही खरं द्या." मी चिडायचो. दोन महिन्यांनी नवरा पकडला गेला तेव्हा मी तीन ओळींची बातमी दिली. ही तीच बाई, असं त्यात कुठेच लिहिलं नाही. चौकशीत तुमच्याविरुद्ध काही निघालं नाही, त्याच्या चार ओळी आल्या, सातव्या पानावर. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की राऊत, एवढी एक ओळ सुधारा. मी वाट बघत होतो की तुम्ही म्हणाल. म्हणाला असतात तर मी डेस्कचं कारण सांगून टाळलं असतं, हेही तुम्हाला ठाऊक असणार.

बाकडं तिथेच होतं. तुमच्या जागी आलेले साहेबही भले होते, शनिवारी येऊन बसायचेही. कुणी यायचं नाही. पापडीची आंटीसुद्धा नाही. मी तिला चर्चबाहेर विचारलं तर म्हणाली, "तिथे बसवून ठेवतात ना? मला नाय जमत, पाय सुजतात."

आणि मग ऋतुजा.

माझ्या ताईची मुलगी. गोखिवऱ्याला राहायची, तिथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायची. कारखान्यातलाच एकजण चार महिने तिच्या मागे लागला होता. स्कूटीच्या मागे बाईक, घराखाली उभं राहणं, फोन. ताई रडत माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. ऋतुजा म्हणाली, "मामा, सीरियसली? तूच लिहिलं होतंस ना, तिकडे काय करतात ते?"

मी तुम्हाला भुईगावला बोलावलं. तुम्ही निवृत्त होऊन महिनाच झाला होता. रविवारी दुपारी आलात, आमच्या वाडीत केळींच्या सावलीला खुर्ची टाकून बसलात. आईकडे पाणी मागितलंत, तांब्या तोंडाला न लावता वरून प्यायलात, आणि आई खूश झाली. ऋतुजाला म्हणालात, "मी येतो बरोबर. आताचे साहेब माझ्या हाताखाली होते. तुला एक मिनिट थांबावं लागणार नाही."

ती तुमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही तेच ना? तीन तास बसवणारे?"

ताईनं तिला दटावलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही, घाईनंही नाही. पानावर जागा सोडून ठेवावी तसं. माझं एक वाक्य पुरलं असतं. 'ऋतु, ते खोटं होतं आणि ते मी लिहिलं.' एवढंच. तेव्हा नवरा पकडलेला होता, बाई सुखरूप होती, झाकायचं काहीच उरलं नव्हतं. माझ्या अब्रूशिवाय.

मी उठलो आणि चहाचं बघायला आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा तुम्ही तिला सांगत होता, "माझ्याबरोबर नको, बाळ. आईबरोबर जा. पण जा." ती गेली नाही. तुम्ही निघाल्यावर आई म्हणाली, "तो मानूस वाईट नाय रे. तू आत का गेलास?" आईला काय कळलं होतं कोण जाणे. मी म्हटलं, दूध उतू जात होतं.

पुढच्याच महिन्यात त्यानं चालत्या स्कूटीवर तिची ओढणी ओढली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. तेव्हाही ती ठाण्यात गेली नाही, ताईनंही जोर केला नाही. नोकरी सोडली, नाशिकला आत्याकडे गेली. गणपतीलाही आली नाही. तो मात्र अजून त्याच कारखान्यात आहे. मी त्याला पाहतो, तो मला ओळखून मान हलवतो.

तुम्ही फोनवर दर वेळी विचारायचात, "भाची गेली का ठाण्यात?" मी म्हणायचो, जाणार आहे. शेवटच्या फोनला, तुमचा आवाज थकलेला होता, तुम्ही पुन्हा विचारलंत. मी म्हटलं, "गेली साहेब. गुन्हा नोंदवला. झालं सगळं." मग म्हणालात, "बरं झालं. बरं झालं, राऊत." तुमच्या आवाजातला तो सुटकेचा सूर मला अजून ऐकू येतो. तुम्ही सुखानं गेलात तर माझ्या थापेवर गेलात. तुमच्याबद्दल जगाला एक खोटं सांगितलं आणि जगाबद्दल तुम्हाला एक. माझ्याकडून तुम्हाला मिळालं ते एवढंच.

काल वहिनींनी मला थांबवून घेतलं. तुमची फाईल आणली. ठाण्यातून निघताना फलकावरची सगळी कात्रणं तुम्ही बरोबर आणली होती, मला माहीतच नव्हतं. माठ, पंखा, हवालदार, सगळं. तेही होतं. मथळा, दोन फोटो, घड्याळं, शेवटी माझं शेपूट. खाली 'पाहिले', सही. सही नेहमीसारखीच, एक अक्षर थरथरलेलं नाही. म्हणजे तेही तुम्ही फलकावर लावलं होतंत. तुमच्या ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकानं ते तिथे वाचलं असणार, खाली तुमच्या सहीसकट.

वहिनी म्हणाल्या, "ही बातमी आली त्या दिवसापासून फोन पुढ्यात ठेवून बसायचे. जेवतानासुद्धा. मी म्हटलं, कुणाची वाट बघताय? तर म्हणाले, राऊतचा येईल. आता तरी विचारेल." नऊ दिवस तुम्ही वाट बघितलीत. मी नऊ दिवस तुमच्या गल्लीकडून गाडी घातली नाही.

रडू आलं, पण वहिनींसमोर रडायचा मला हक्क नव्हता. कात्रण मागितलं. त्यांनी दिलं, कशाला ते विचारलं नाही.

घरी येऊन नाशिकला फोन लावला. ऋतुजाला सगळं सांगितलं, शाळा, मुलगी, आणि मी न केलेला फोन. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना माहीत होतं? की तू कॉलच केला नव्हतास?"

"हो."

"आणि तरी आले आपल्या घरी?"

मी पुन्हा हो म्हटलं.

"म्हणून तुझ्याकडे बघत होते तेव्हा," ती म्हणाली. "मला वाटलं, गिल्टी आहेत म्हणून माझ्याशी नजर मिळवत नाहीत." मी विचारलं, आता जायचं का ठाण्यात, मी येतो. ती म्हणाली, "आता नको मामा. आता माझ्यात नाही तेवढं." तिचा आवाज थंड होता. फोन तिनंच ठेवला.

आज सकाळी डेस्कला विचारलं, दुरुस्ती छापाल का? जुनं प्रकरण, माणूसही गेला, कशाला उकरता, असं उत्तर आलं. त्यांचं चुकतंय असंही म्हणवत नाही. छापली तरी सातव्या पानावर येईल, दोन ओळी. आणि उद्या कुणी तुमचं नाव शोधलं की वर तेच तीन तास येतील. हे आता माझ्याच्यानं मोडणार नाही, साहेब.

मी एवढंच केलं. तुमच्या कात्रणावरची माझी शेवटची ओळ खोडली आणि समासात लिहिलं: 'यासंदर्भात वरिष्ठ पोलीस निरीक्षकांशी संपर्क साधण्याचा बातमीदाराने प्रयत्नच केला नव्हता.' खाली नाव घातलं, तारीख घातली. मग ठाण्यात गेलो. तो काचेचा फलक अजून आहे, त्यात आता पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे कागद असतात. ठाणे अंमलदारानं विचारलं, "काय लावताय?" मी म्हटलं, जुनी बातमी आहे. त्यानं न वाचताच किल्ली दिली.

लावून मागे सरकून बघितलं. तुमचं 'पाहिले' माझ्या खोट्याखाली आहे, तसंच, लाल. मी आज लिहिलेल्या ओळीखाली जागा मोकळी आहे. तिथे सही करायला आता कुणी नाही.